चोरानं डबा का नेला?

१

कपाटाचं कुलूप शाबूत होतं. आत देणगीत मिळालेला नवाकोरा टॅब होता, माइकचा संच होता, कोऱ्या कागदांचे गठ्ठे होते. नव्हता तो फक्त एक स्टीलचा डबा. आणि त्या डब्यात चंदाची सोन्याची पोत होती.

मनोज कपाटासमोर हातपाय गाळून उभा होता. "मॅडम, गेल्या रविवारी मी स्वतः ठेवला होता. ह्याच कप्प्यात."

"तिला पावती दिली होतीस?"

"नाही."

"भगवंतरावांना विचारलं होतंस?"

"ते तेव्हा निघून गेले होते."

मी त्याला तिथेच दोन वाजवणार होते. आपण वकील आहोत, बँकेचं लॉकर नाही. पक्षकाराची चीजवस्तू ठेवून घ्यायची नसते, हे पहिल्या वर्षाच्या पोरालाही कळतं. पण मनोजचा चेहरा इतका पांढरा पडला होता, की मी माझा राग गिळला आणि त्या हॉलमध्ये येरझाऱ्या घालायला लागले. मला तसंही एका जागी बसवत नाही. कोर्टातही माझी खुर्ची रिकामी आणि मी दारात, अशीच माझी ख्याती आहे.

आम्ही तिघं. मी दामिनी राऊत, मूळची मोर्शीची, वकिली अकोल्यात. भगवंतराव आमच्यात सगळ्यात मोठे, फौजदारी प्रकरणांत केस पांढरे झालेले. आणि मनोज, मुंबईचा, लहानपणापासून वसतिगृहात वाढलेला, नोकरीनिमित्त बहीण इकडे आली म्हणून तोही आलेला. दर रविवारी आम्ही पातूरच्या कडेला असलेल्या मळेपुऱ्यात येतो. फुलं आणि भाजी पिकवणाऱ्यांची वस्ती. तिथल्या समाजमंदिरात सतरंजीवर बसतो आणि येईल त्याला फुकट सल्ला देतो. आमचे कोर्टातले मित्र आम्हाला हसतात. हसू देत.

चंदाचं प्रकरण माझ्याकडे होतं. तिचं सासर ह्याच मळेपुऱ्यात. नवऱ्यानं, गजेंद्रनं, सहा महिन्यांपूर्वी तिला घराबाहेर काढलं, तेव्हापासून ती मोझरीला भावाकडे राहत होती. पोरगी दीपमाला मात्र सासरीच अडकली होती. गजेंद्रचं एकच टुमणं: पोत दे, पोरगी ने. पोत तिच्या आईनं तिला दिलेली, म्हणजे कायद्यानं तिचीच. मी तिला शंभरदा सांगितलं की असा सौदा करू नकोस, आपण कोर्टातून पोरीचा ताबा घेऊ. तिनं मला एकदाच विचारलं, "किती महिने लागतीन, बाई?" मी फायलीची पानं उलटत राहिले. तिला कळलं.

गेल्या रविवारी ती पोत घेऊन आली होती. गजेंद्र आलाच नाही. पोत घेऊन एसटीनं एकटीनं परत जायची तिला भीती वाटली, आणि ह्या भोळ्या मनोजनं ती ठेवून घेतली. आज समेट व्हायचा होता.

"ऐका," भगवंतराव खालच्या आवाजात म्हणाले. त्यांचे डोळे चमकत होते. त्यांना चोरी म्हटली की तरतरी येते. "पोत गेली, एवढंच सगळ्यांना सांगायचं. डब्यात होती, हे कुणालाही सांगायचं नाही. चंदापाशीसुद्धा डब्याचा विषय काढायचा नाही. ज्याच्या तोंडून आपणहून 'डबा' निघेल, तो चोर. मी असे कितीतरी धरलेत."

मला ते पटलं. त्या क्षणी कुणालाही पटलं असतं.

बाहेर ऑटो थांबला. दारातून चंदाचा आवाज आला, "बाई, आली व मी!" तो आवाज इतका आनंदाचा होता, की माझ्या येरझाऱ्या थांबल्या.

२

तिनं पिशवीतून पोरीसाठी आणलेला फ्रॉक आधी दाखवला. मग मी सांगितलं.

चंदा रडली नाही. ती सतरंजीवर बसली, फ्रॉकची घडी घातली, पुन्हा उलगडली, पुन्हा घातली.

"मंग दीपू आज नाही येत?" तिनं विचारलं. सोन्याबद्दल तिनं एक शब्द काढला नाही.

"येईल," मी म्हणाले. कशाच्या जोरावर म्हणाले, देव जाणे.

तेवढ्यात गजेंद्र आला. उंच, धुतलेला पांढरा शर्ट, डोळ्यांवर काळा चष्मा. भगवंतरावांनी त्याला पोत गेल्याचं सांगितलं, तसा तो उसळला.

"गेली? वकिलायच्या कपाटातून सोनं गेलं? कोनाले शिकवता, साहेब? हिनं आणलीच नसन! मोझरीले इकली असन भावानं!"

"मी माझ्या हातानं ठेवली," मनोज पुढे झाला.

"तुमी तं तिचेच वकील."

"पोत तिच्या आईनं दिलेली आहे," मी म्हणाले. "तुमचा तिच्यावर काडीचा हक्क नाही. ती फक्त पोरीसाठी देते आहे."

"मंग देऊ द्या न! कोनं हात धरला?" त्यानं चष्मा काढला. "दुपारी अकोल्याची फुलायची गाडी भरते. गाडी निघेलोक मी वाट पाहीन. त्याच्या आत पोत आली तं पोट्टी घेऊन जा. नाही तं मी सरळ ठाण्यात जातो. बायकोनं घरातलं सोनं पळवलं म्हणून सांगतो. मंग बसा कोर्टात."

तो पायऱ्या उतरून गेला. त्याचा राग मी नीट पाहिला. वकिली करता करता खोटा राग आणि खरा राग ह्यांतला फरक कळायला लागतो. हा खरा होता. ज्याच्या खिशात पोत आहे, तो असा तडफडत नाही. माझ्या मनातला पहिला संशयित तिथेच गळाला, आणि मला त्याचं दुःख झालं. तो चोर असता तर मला फार बरं वाटलं असतं.

"कपाटाची चावी कुणाकडे असते?" भगवंतरावांनी विचारलं.

"एक माझ्याकडे," मनोज म्हणाला. "दुसरी वच्छलाबाईंकडे."

भगवंतरावांनी माझ्याकडे पाहिलं आणि मागच्या दाराकडे चालायला लागले. तिथून भांड्यांचा आवाज येत होता.

३

वच्छलाबाई समाजमंदिर सांभाळतात. झाडणं, सतरंज्या घालणं, पाणी भरणं त्यांच्याकडे. आमचा नाश्ता आणि दुपारचं जेवण मळेपुऱ्यातल्या घरांतून पाळीपाळीनं येतं, आणि त्या घरांची भांडी घासून ज्याची त्याला पोचवायचं कामही त्याच करतात. त्या मोरीपाशी बसून डबे घासत होत्या. घासलेला डबा पुसायच्या, शेजारच्या थैलीतून मूठभर तांदूळ त्यात टाकायच्या आणि झाकण लावून बाजूला ठेवायच्या.

"वच्छलाबाई, कपाटातली चंदाची पोत गेली," भगवंतराव म्हणाले.

त्यांचा हात थांबला. "कोनती पोत?"

"कपाटात ठेवलेली. ह्या आठवड्यात कपाट कुणी उघडलं?"

"म्या उघडलं. सतरंज्या ठेवाले, कागद काढाले. रोजच उघडतो. कावून?"

"आत काही चमकलं? काही हाताला लागलं?"

वच्छलाबाईंनी पदराला हात पुसले आणि त्या उभ्या राहिल्या. त्या भगवंतरावांच्या खांद्याला लागतात, पण तेव्हा त्याच उंच वाटल्या.

"साहेब, तुमी मले इचारून राहिले का चोर म्हणून राहिले?"

"फक्त विचारतोय."

"या मोरीवर बसून माह्या हातातून अर्ध्या गावाचे डबे गेले. कोनाचा एक चमचा इकडचा तिकडं झाला नाही. अन् तुमी मले सोन्याचं इचारता? म्या त्या कपाटात सोनं पाह्यलं असतं तं बोंबलत तुमच्याकडं आली असती!"

त्यांनी कमरेची चावी सोडली आणि भगवंतरावांच्या पायाशी टाकली. मग डबे तसेच टाकून, मागच्या दारानं, डोळे पुसत निघून गेल्या.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी त्यांच्यामागे निघाले तर भगवंतरावांनी माझा हात धरला. त्यांचा चेहरा उजळला होता.

"ऐकलंस, दामिनी? डबा म्हणाली! आपण डब्याचं नावही काढलं नाही, आणि ती आपणहून डबा म्हणाली!"

४

"सर, त्या डबे घासत होत्या," मी म्हणाले. "त्या काय तोफ म्हणणार होत्या?"

पण भगवंतराव आता ऐकणार नव्हते. त्यांनी मनोजला ठाण्यात जायचा अर्ज लिहायला बसवलं. चंदा खांबाला टेकून बसली होती आणि रस्त्याकडे बघत होती. मला तिथे थांबवेना. मी चप्पल घातली आणि गजेंद्रच्या घराकडे चालायला लागले.

ऊन डोक्यावर होतं. दोन्ही बाजूंच्या ओसऱ्यांवर झेंडूचे ढीग, आणि बाया खाली माना घालून हार ओवत होत्या. मला पाहून कुणी वर बघितलं, कुणी नाही. वस्तीभर बातमी झाली होती, हे मला त्यांच्या गप्प बसण्यावरून कळलं. आजवर ह्या बाया मला बघून भांडणंसुद्धा थांबवत नसत.

गजेंद्रची आई पार्वताबाई दारातच शेवंती ओवत बसल्या होत्या. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. कपाळ मोकळं, पण आवाज साऱ्या मळेपुऱ्यात ऐकू जाणारा. गेले सहा महिने ह्या बाईनं चंदाच्या पोतीवरून अशा शिव्या घातल्या होत्या, की शिबिराला येणारी प्रत्येक बाई मला त्या येऊन ऐकवायची. "माह्या लेकाचं घर धुऊन नेलं" हे तर पाठच झालं होतं.

त्यांच्या मांडीला टेकून दीपू बसली होती. पिवळ्या रिबिनी, पावडर लावलेलं तोंड, शेजारी शाळेची पिशवी फुगवून ठेवलेली. "माही आई आली का?" तिनं विचारलं.

"आली आहे. जरा वेळानं येईल हं." मग मी पार्वताबाईंकडे वळले. आता शिव्या ऐकायच्या तयारीनं मी म्हणाले, "आजी, कपाटातून पोत चोरीला गेली."

सुई फुलात अडकली होती. त्यांनी ती ओढून काढली.

"जाते कुठी सोनं," त्या म्हणाल्या. "सापडन कधी न कधी." आणि मग खाली बघतच त्यांनी विचारलं, "मंग दीपू तं आज नाही जात ना, बाई?"

काहीतरी चुकत होतं. काय चुकत होतं ते हाताला लागत नव्हतं आणि म्हणून मी आणखीच अस्वस्थ झाले. परत येताना वाटेत मी स्वतःशीच भांडत होते. चोर कपाट चावीनं उघडतो. टॅबला हात लावत नाही, माइक नेत नाही. पोत उचलतो, ठीक आहे. पण पोत मुठीत मावते, कमरेला खोचता येते. सगळ्यांच्या देखत मिरवत न्यावा लागेल असा डबा तो कशाला नेईल? पोत काढून डबा तिथेच ठेवला असता तर आम्हाला झाकण उघडेपर्यंत पत्ताही लागला नसता.

मी समाजमंदिरात शिरले आणि मनोजच्या हातातलं पेन काढून घेतलं.

"मला अगदी सावकाश सांग. पोत डब्यात कशी ठेवलीस?"

"ठेवली म्हणजे... चंदाताईंनी त्याच डब्यात आणली होती. रुमालात गुंडाळून."

"आणि तू काही केलंस?"

तो ओशाळला. "कुणी सहज झाकण उघडलं तर दिसू नये म्हणून... तिथे तांदळाची थैली होती. मी पोतीवर तांदूळ टाकले. डबा काठोकाठ भरला. मला वाटलं, तांदळाच्या डब्याकडे कोण बघणार?"

मी मटकन खाली बसले. त्या दिवसात पहिल्यांदाच बसले असेन.

५

"मनोज," मी म्हणाले, "तू आयुष्यात कधी कुणाचं भांडं परत केलं आहेस?"

"कसलं भांडं?"

"शेजारणीनं वाटीत भाजी दिली. ती वाटी तुझ्या आईनं परत कशी पाठवली?"

"मॅडम, मी होस्टेलवर होतो. मेसचं ताट नळाखाली ठेवायचो."

भगवंतराव मात्र चपापले. त्यांचं बालपण अमरावतीच्या गल्लीतलं. त्यांना लगेच कळलं. कुणाचंही भांडं रिकामं परत पाठवत नाहीत. साखर, तांदूळ, घरात असेल ते त्यात मूठभर टाकतात आणि मग देतात. माझी आई तर मीठ सोडून काहीही टाकायची. वच्छलाबाई सकाळी आमच्या डोळ्यांसमोर तेच करत होत्या, आणि आम्ही त्यांना चोरीचं विचारत होतो.

"तू पोत लपवली नाहीस," मी म्हणाले. "तू तो डबा परत करायला तयार करून ठेवलास. आता मला सांग, त्यावर नाव होतं?"

"तळाशी काहीतरी ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं होतं. मला वाटलं, कंपनीचं नाव असेल."

मी पळतच निघाले. मागून मनोज, आणि त्याच्यामागून धापा टाकत भगवंतराव. वच्छलाबाई आपल्या घराच्या ओट्यावर भिंतीकडे तोंड करून बसल्या होत्या. आम्हाला पाहून त्या उठून आत जायला लागल्या.

"वच्छलाबाई, एकच सांगा. कपाटात एक डबा होता, तांदळानं भरलेला. तो..."

"तो होय? तो तं म्या सोमवारीच देल्ला." त्या रागातच बोलल्या. "नाव होतं न खाली. तांदूळ टाकून ठेवलेच होते. म्या म्हटलं, या खेपी वकीलसाहेबाले बरी अक्कल आली. पण गच्च भरला होता बाप्पा! मूठभर टाकतात का डबाभर?"

"कुणाला दिलात?"

"ज्याचं नाव त्याले. पार्वताबाईले."

चंदा घरातून निघाली तेव्हा सासूच्याच डब्यात भाकरी बांधून निघाली होती, आणि तोच डबा घेऊन परत आली होती. आम्ही सकाळीच तिला विचारलं असतं, की डब्यावर कुणाचं नाव होतं, तर सकाळीच उलगडा झाला असता. वच्छलाबाईंना विचारलं असतं तरी झाला असता. पण आम्ही पडलो वकील. महत्त्वाची गोष्ट लपवून ठेवायची आणि मग जगाला प्रश्न विचारायचे, हा आमचा धंदा.

भगवंतरावांनी टोपी काढली. "वच्छलाबाई, मी तुमच्यावर आळ घेतला. माझं चुकलं."

"चुकलंच," वच्छलाबाई म्हणाल्या. पण त्यांनी आत जाऊन त्यांच्यासाठी पाण्याचा तांब्या आणला.

मनोजचा जीव भांड्यात पडला होता. "म्हणजे पोत तांदळात तशीच असेल! त्यांना माहीतही नसेल!"

"माहीत आहे," मी म्हणाले.

मघापासून हाताला न लागणारी गोष्ट आता लख्ख दिसत होती. जी बाई सहा महिने ह्या सोन्यासाठी गाव डोक्यावर घेते, तिला ते सोनं चोरीला गेल्याचं सांगितलं, आणि तिनं एक शिवी घातली नाही. कुणी नेलं म्हणून विचारलं नाही. सोनं गेलं ह्याचं दुःख ज्याला होत नाही, त्याला ते कुठे आहे हे माहीत असतं.

तिकडे चौकातून फुलांच्या गाडीचा भोंगा वाजला. माल भरायला सुरुवात झाली होती.

६

समाजमंदिरातून चंदाला घेऊन आम्ही गजेंद्रच्या घराकडे निघालो. वाटेत मी तिला सगळं सांगितलं. ती माझ्यापुढे चालायला लागली.

गजेंद्र दारापुढे आलेल्या गाडीत हार चढवत होता, तो आम्हाला बघून खाली उतरला. पार्वताबाई दारातच होत्या. दीपू "आई!" म्हणून धावली आणि चंदाच्या कमरेला मिठी मारून बसली.

"आजी," मी म्हणाले, "सोमवारी वच्छलाबाईंनी डबा दिला. त्यातले तांदूळ शिजवायला घेतलेत, तेव्हा काय निघालं?"

मला वाटलं होतं, त्या नाकारतील. त्यांनी सुई पदराला टोचली, भिंतीला हात लावून उठल्या आणि आत गेल्या. बाहेर आल्या तेव्हा रुमाल हातात होता. तो त्यांनी चंदाच्या समोर धरला.

"घे व तुही पोत. मोजून घे मणी."

गजेंद्रचं तोंड उघडं राहिलं. "आई? तुह्यापाशी होती? अन् मी हिकडं..."

"तूच म्हणे न, पोत आली का पोट्टी जाईन!" पार्वताबाई त्याच्यावर कडाडल्या. मळेपुरा ज्या आवाजाला ओळखतो, तोच आवाज. "मंग म्या कावून दाखवू पोत? तुले सोनं पायजे होतं. मले काय करायचं सोनं? रात्री ते पोरगं माह्या कुशीत झोपते. तिले सकाळी माह्या हातचं पाणी लागते. म्या तिले देऊन टाकू? म्या म्हटलं, पोत नाही सापडली तं पोरगी नाही जात."

त्यांनी पदर तोंडात कोंबला.

गजेंद्र माझ्याकडे वळला. त्यानं काही बोलायच्या आत मी त्याला थांबवलं. तो क्षण, मी कबूल करते, मला फार गोड लागला. "ठाण्यात जायचं आहे ना? चला. बायकोनं पळवलेलं सोनं तुमच्या घरातून, तुमच्या आईच्या हातून निघालं, हे मळेपुऱ्यानं पाहिलं आहे. तेही सांगू. नाहीतर समेटाच्या कागदावर सही करा. पोरगी आईकडे, आणि पोतही आईकडे. ती तिचीच आहे." त्यानं आजूबाजूला पाहिलं. ओसऱ्यांवरच्या साऱ्या बाया हार खाली ठेवून त्याच्याकडे बघत होत्या. त्यानं सही केली आणि गाडीत जाऊन बसला. पोरीकडे त्यानं बघितलंसुद्धा नाही.

"वकीलबाई," पार्वताबाईंनी मला हाक मारली. "तुमी फुकटात सल्ला देता म्हणतात. येईन त्याले देता. मले बी द्या. आजीचा काही हक्क रायते का नाही?"

मी चंदाची वकील होते. मला सल्ला देता येत नव्हता. मी भगवंतरावांकडे पाहिलं. ते त्यांच्यासमोर ओट्यावर बसले.

"आई धडधाकट असताना पोर आजीला मिळणं कठीण आहे, पार्वताबाई. भेटीसाठी अर्ज करता येतो. कोर्टाच्या मनात आलं तर देतं."

"म्हणजे नाही."

"जवळपास नाही."

पार्वताबाईंनी मान हलवली. त्या भांडल्या नाहीत, हे मला सहन होईना. दिवसभर मी ज्या माणसाला पकडायला धावत होते, तो माणूस सापडला होता. आणि आता मला त्याच्याकडे बघवत नव्हतं.

"सहा महिने मले चोर म्हटलं तुमी," चंदा एकदम म्हणाली. "साऱ्या गावात. मोझरीलोक गेलं थे. माह्या भावाले लोकं इचारे. मी इसरणार नाही, आई. मरेलोक इसरणार नाही."

"नको इसरू," पार्वताबाई म्हणाल्या.

मनोजनं ऑटो आणला. चंदा आत बसली, पोरीला ओढून शेजारी घेतलं, फुगलेली पिशवी सीटवर ठेवली. पार्वताबाई दारातून पुढे आल्या नाहीत. ऑटोवाल्यानं गाडी सुरू केली, आणि दीपूनं आईचा पदर ओढला.

"आजी नाही येत?"

आम्ही तीन वकील तिथे उभे होतो. तिघांनीही दुसरीकडे बघितलं.

चंदानं कपाळाला हात लावला. तिच्या तोंडावरचा राग जरासुद्धा कमी झाला नव्हता. पण तिनं ती पिशवी उचलून मांडीवर घेतली आणि सीटवर सरकली.

"बसा," ती सासूला म्हणाली. "स्टँडलोक चाला."

पार्वताबाई तशाच, अनवाणी, पदराला सुई टोचलेली, घराला कडीही न लावता ऑटोत चढल्या.